लंगडा ठेका

आमच्या लाँड्रीतलं कोपऱ्यातलं मशीन लंगडं आहे. कपडे पिळायला लागलं की धडाधड चालतं, मध्येच दम लागल्यासारखं अडखळतं आणि मग पुढचा धड् पडतो. आई गिऱ्हाइकांना सांगते, "वय झालंय त्याचं, सांभाळून घ्या." मी त्याच्याच तालावर सॅक्सोफोन शिकले. दुपारी वाफेनं काचा धूसर व्हायच्या, रस्ता दिसेनासा व्हायचा, कपडे गरगर फिरत राहायचे आणि वाजवता वाजवता मी कुठे पोचायचे ते माझं मलाच ठाऊक नसायचं. शेजारच्या मावशी म्हणतात, या पोरीला साबणाचा वास चढतो.

जॅझ शिकवणारी दोन कॉलेजं मला घ्यायला तयार झाली. एक आमच्याच शहरात, चांगलं नावाजलेलं. तिथे घरी राहून शिकता आलं असतं आणि आई एकटी पडली नसती. तिला माझ्याशिवाय आहे कोण? दुसरं इतकं लांब, की गाडीत झोपून उठले तरी ते आलेलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत एकाला हो म्हणायचं होतं.

शहरातल्या कॉलेजात वाजवून दाखवायला गेले, तेव्हा सरांनी मला लगेच थांबवलं होतं. "तू ठेक्याच्या मागे रेंगाळतेस. दर वेळी एकाच जागी. कुठून लागली ही खोड?" मी मशीनचं सांगितलं. ते हसले, पण प्रेमानं हसले. "काळजी करू नकोस, पहिल्या वर्षातच काढून टाकू." इतका भला माणूस, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

लांबच्या कॉलेजातली खोली जुनी होती. तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मी वाजवायला लागले आणि त्याच जागी रेंगाळले. ड्रमवर साथीला बसलेल्या बाईंनी डोळे मिटले. पुढच्या फेरीला मी रेंगाळले तिथे त्याही रेंगाळल्या, अगदी तेवढंच. मग भिंती लांब गेल्या, ऊन पातळ झालं, आणि आम्ही किती वेळ वाजवत होतो कुणास ठाऊक. संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे शिकलीस?"

"लाँड्रीत."

"बरं," त्या म्हणाल्या, जणू तेही एक कॉलेजच.

गुरुवारी दुपारी मी आईला सांगितलं, "मी इथलंच घेते."

"का?"

"चांगलं आहे. शिवाय घरी राहता येईल."

आई हॉटेलच्या चादरी ड्रायरमधून काढत होती. "इथल्या कॉलेजातून आलीस तेव्हा दोन दिवस भांडी आपटत होतीस," ती म्हणाली. "तिथून आल्यापासून झोपेत हसतेस. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण भांडी कळतात."

"आणि तू?"

"माझं नाव पुढे करू नकोस. उद्या इथे रडत बसलीस, की खापर माझ्या डोक्यावर."

 

तिनं एक मोठी चादर उचलली. चादरींची घडी आम्ही नेहमी दोघी मिळून घालतो, म्हणून मी टोकं धरायला पुढे झाले. आईनं चादर मागे ओढली, हनुवटीखाली धरली आणि हात पसरले. हात पुरेनात. घडी वाकडी झाली. तिनं ती झटकली आणि पुन्हा हनुवटीखाली धरली.

"आई, दे ना इकडे."

"राहू दे," ती म्हणाली. "जमायला हवं मला."