बर्फातून आलेलं रक्त

आमच्या पिरंगुटच्या लॅबचा मालक मनीष. त्याच्या घरी पूर्वी दुधाचं संकलन होतं. गावोगावचं रक्तही तो तसंच आणवतो, बर्फाच्या पेटीत. काही नमुने गरमच आणावे लागतात, हे मी, त्याच्या लॅबची तंत्रज्ञ, त्याला दोनदा सांगितलं होतं. तो हसला होता.

उरवड्याच्या गोजराबाईंना तीन आठवडे ताप, खोकला. न्यूमोनिया नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हता, डोळे पिवळे झाले होते आणि हिमोग्लोबिन रोज उतरत होतं. अशा न्यूमोनियात कधीकधी रक्तात प्रतिपिंडं तयार होतात; गारवा मिळाला की ती तांबड्या पेशींना चिकटतात, त्यांचे गोळे करतात आणि पेशी फुटू लागतात. डॉक्टरांनी नेमकी तीच तपासणी मागवली. नळी बर्फातून आली. प्रतिपिंडं वाटेतच पेशींना चिकटली, नळीत वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, तपासायला काही उरलंच नाही. मी रजेवर होते. मनीषने लिहून दिलं: 'आढळली नाहीत.' डॉक्टरांनी शंका सोडली.

सोमवारी तो कागद पाहिला आणि नळी कशी आली ते विचारलं: बर्फातून. दवाखान्यात फोन केला, तर फ्रीजमधली रक्ताची पिशवी चढवायची तयारी चालली होती. थांबा म्हटलं, गार रक्त आत गेलं तर पेशींचे गोळे अंगातच होतील. थर्मासमध्ये कोमट पाणी भरलं आणि स्कूटर काढली.

दवाखान्याच्या दारात गोजराबाईंची मुलगी पिंकी आडवी आली.

"परत रक्त? आयेच्या अंगात काय ठेवणार हाय का न्हाई तुमी?"

मी आत गेले. रक्त घेतलं. एक थेंब गार काचपट्टीवर ठेवला. लाल रवा पडला. पट्टी तळहातावर धरली, रवा विरघळला. डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवली. बाकीची नळी मी कोमट पाण्यातून लॅबवर नेली. प्रतिपिंडं होती, भरपूर.

मनीष म्हणाला, "ताई, नवा रिपोर्ट द्या की. जुन्याचं कशाला लिहिताय? लॅबचं नाव जाईल."

"बाई गेली असती."

पहिला अहवाल आमच्या चुकीने खोटा ठरला, असं मी नव्या अहवालावरच लिहिलं आणि सही केली. उद्यापासून येऊ नका, असं तो म्हणाला. उद्या गोजराबाईंचं हिमोग्लोबिन बघायचंय, तेवढ्यासाठी येईन, असं मी सांगितलं.

औषध बदललं. रक्त गरम करून, सावकाश चढवलं. सकाळी मी सुई घेऊन गेले, तेव्हा गोजराबाईंनी विचारलं, "आता तरी झालं का, बाई?"

झालं नव्हतं; अजून एक नळी रक्त हवं होतं. माझ्यावरची नजर न काढता पिंकीने आईचा हात पुढे धरला.