वहिनींनी निवडलेले शॉक

चष्मेवाल्याने आयुष्यात एकच चैन केली होती. दोन माणसांची, बुटकी, लाल रंगाची, जुनी स्पोर्ट्‌स कार. इंजिन ठणठणीत होतं, पण चाकांचे धक्के झेलणारे शॉक पार बसले होते. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहायची.

शॉक बदलायचं ठरल्यावर त्याने तीन महिने अभ्यास केला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर शॉक, जेवायला बसला की तोंडी शॉक. पुढच्या चाकांना स्ट्रट असतो, तो झटका शोषतो आणि चाकालाही जागेवर धरतो, मागे नुसता शॉक असतो, हे ऐकून ऐकून बायकोचंही पाठ झालं होतं. एकदा तर ती शेजारणीला समजावून सांगत होती, आणि शेजारीण बिचारी दार धरून उभी होती.

शेवटी त्याने गावातल्या सगळ्यात झगमगीत दुकानातून शर्यतीच्या गाड्यांना बसवतात तसला सेट आणून बसवला. सोनेरी नळ्या, जाड स्प्रिंगा. गाडी चार बोटं खाली आली आणि दिसायला अशी झाली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. आत बसलेल्यांचे मात्र दात वाजायचे.

मग एके दिवशी बायकोला घेऊन जाताना कालव्याकाठचं वळण आलं. ठिगळावर ठिगळ लावलेला डांबरी रस्ता. वेगही फार नव्हता. पण वळणाच्या मधोमध गाडीची मागची बाजू उडाली आणि हातभर बाजूला सरकली. कालव्याचा कठडा इतका जवळ आला की त्यावर रंगवलेला आकडा बायकोला वाचता आला. त्याने कशीबशी गाडी सावरून कडेला घेतली. बायकोने पट्टा सोडला, खाली उतरली, "मी चालत येते," म्हणाली आणि खरंच चालत घरी गेली. तासभर लागला तिला.

दुसऱ्या दिवशी तो वहिनींकडे गेला.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. शॉक, स्प्रिंगा आणि चाकांच्या कामाचं गॅरेज चालवायच्या. गॅरेज मुळात सासऱ्यांचं. दोन्ही मुलांना त्यात रस नव्हता. थोरला गणित शिकवायचा, धाकटा चष्मे विकायचा. सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकली ती सून. आता अकरा वर्षं त्या एकट्या ते सांभाळत होत्या, आणि शाळेच्या बसपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळं त्यांच्याकडे यायचं. चष्मेवाल्याला वहिनींबद्दल आदर होता, नाही असं नाही. पण स्पोर्ट्‌स कार म्हणजे वेगळं प्रकरण, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्यामुळे त्या दिवशी फाटकातून गाडी आत घेताना त्याचे कान गरम झाले होते.

वहिनींनी थेट कामाला सुरुवात केली. गाडी लिफ्टवर चढवली आणि दांडा कुठवर आत जातो ते कळावं म्हणून प्रत्येक शॉकच्या चकचकीत दांड्याला प्लास्टिकची एक बारीक पट्टी बांधली. मग शेजारच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, रोज जाता तिथून न्या. पूर्ण फेरीभर त्या डोळे मिटून, एक तळवा दारावर टेकवून बसल्या होत्या. एकदाच बोलल्या. मागच्या डाव्या बाजूला काहीतरी सैल आहे, म्हणाल्या. परत येऊन पाहिलं तर खरंच त्या बाजूचं वरचं रबर चिरलं होतं.

पट्ट्या चारही दांड्यांवर पार टोकाला ढकलल्या गेल्या होत्या.

"भाऊजी, हे बघा," वहिनी म्हणाल्या. "गाडी एवढी खाली बसवल्यावर दांड्याला हलायला जागा उरली दोन बोटं. ती संपली की तो आतल्या रबरावर आपटतो. तुमची गाडी शॉकवर चालतच नाहीये, रबरावर चालतेय. वळणात आपटली की चाक जमीन सोडतं."

"म्हणजे माल खराब निघाला?"

"छे, माल उत्तम आहे. शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर याला तोड नाही. तो रस्ता तुमच्या घरापासून किती लांब आहे?"

तो हसला, पण खजील होऊन. मग वहिनींनी त्याला विचारायला सुरुवात केली. रोज किती चालवता, कुठल्या रस्त्याने, शेजारी कोण बसतं, मागे सामान असतं का, हौस म्हणून लांब कुठे जाता का. तीन महिन्यांत त्याने जगभरच्या लोकांना शंका विचारल्या होत्या, पण हे प्रश्न त्याला कुणी विचारले नव्हते, आणि त्याने स्वतःलाही नाही.

"तुमच्या दुकानात येऊन कुणी म्हणालं, माझ्या मित्राच्या नंबरचा चष्मा द्या, तर द्याल?" वहिनींनी विचारलं.

त्याला वाटलं, आता या मूळचेच मऊ शॉक लावतील आणि आपली मजा संपली. तसं झालं नाही. वळणाचा आनंद घ्यायला घेतलेल्या गाडीचा पलंग करायचा नसतो, असं वहिनींचं म्हणणं पडलं. त्यांनी मूळच्यापेक्षा एक पायरी कडक शॉक आणि स्ट्रट निवडले. दाबलेला दांडा किती वेगाने परत वर यावा, हे ठरवायला या शॉकच्या वरच्या टोकाला एक स्क्रू होता. स्प्रिंगा अशा, की गाडी मूळच्या उंचीपेक्षा एकच बोट खाली बसेल. शिवाय चारही बाजूंची रबरं नवी.

रविवारी काम सुरू झालं आणि चष्मेवाला दिवसभर तिथेच थांबला. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ रंगवलेली होती, आणि वहिनींचा हात न बघता योग्य पान्यावर जात होता. स्प्रिंग दाबायची वेळ आली तेव्हा, निसटली तर जोरात लागेल म्हणून, त्यांनी त्याला लांब उभं केलं, स्वतः एका बाजूला बसल्या आणि दोन्हीकडचे बोल्ट अर्धा अर्धा फेरा असे आळीपाळीने आवळत गेल्या. तेवढा वेळ रेडिओसुद्धा बंद. खालचे बोल्ट मात्र त्यांनी नुसते अडकवून ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के केले. त्याने कारण विचारलं.

"लटकत असताना आवळले, तर आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं," त्या म्हणाल्या. "ज्या जागी त्याला राहायचंय, त्याच जागी आवळायचं."

तो स्वतः रोज चष्म्यांचे बारीक स्क्रू हाताळायचा. काम करणारा हात त्याला कळत होता. इतकी वर्षं हा हात आपल्याच घरात होता आणि आपण पाहिला नाही, हे त्याला फार लागलं.

"वहिनी, बाबा गेल्यावर गॅरेज विकून टाकू, असं मीच म्हणालो होतो."

"माहीत आहे. तुमच्या दादांनीच सांगितलं होतं." वहिनींनी पुढचा बोल्ट धरला. "तो छोटा पाना द्या."

चाकांची दिशा लावून झाल्यावर त्या त्याला घेऊन कालव्याच्या रस्त्यावर गेल्या. जाताना त्याच्या बायकोलाही बोलावून घेतलं, आणि ती आपल्या स्कूटरवरून आली. वहिनींनी स्क्रू सगळ्यात मऊ ठेवला आणि त्याला एक चक्कर मारायला लावली. मग स्क्रू फिरवून दोन खटके कडक केला, पुन्हा चक्कर.

"आता बरं, की आधीचं बरं होतं?"

दिवसातून पन्नास वेळा तो गिऱ्हाइकांना हेच विचारायचा. त्याने मन लावून उत्तर दिलं. चार खटक्यांवर गाडी रस्त्याला चिकटून वळली. सहावर थोडी थरथरली. चारच बरे, तो म्हणाला. वहिनींनी मान डोलावली आणि किल्ली मागितली.

"मलाही बघू द्या की एकदा."

तो आणि बायको कठड्याशी उभे राहिले. वहिनी रोज मालाची व्हॅन चालवायच्या. या गाडीत त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लांबून लाल ठिपका आला, वळणाआधी मंदावला आणि मग वेग घेत वळला. खाली चाकं प्रत्येक ठिगळावर वर-खाली धावत होती आणि वर गाडी संथ, सपाट जात होती. चष्मेवाल्याने श्वास रोखून धरला होता, पण भीतीने नाही.

"किती सुंदर चालवतात," बायको म्हणाली.

वहिनी गाडी वळवून परत आल्या आणि काच खाली केली. चष्मेवाला पुढे झाला, पण तोवर बायकोने शेजारचं दार उघडलं होतं.

"मी बसते, जाऊबाई. अजून एक चक्कर मारा ना. तुम्हीच चालवा."