जिथं पाणी असेल तिथं

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत दोना जोवेलीना सापडल्या नाहीत, तर त्या बेपत्ता ठरणार होत्या. आपण कुठे आहोत हे त्यांना स्वतःला पुरेपूर ठाऊक होते. त्यांच्या शेजाऱ्यांनाही असणार. ठाऊक नव्हते ते फक्त आम्हाला, आणि आमच्या अभ्यासात तेवढे पुरते.

अभ्यास म्हणजे एका नव्या गोळीची चाचणी. जुनाट हेपटायटिस बी आणि त्याच्या आधाराने वाढणारा डेल्टा, हे दोन विषाणू पुरूस नदीच्या या पट्ट्यात जोडीने राहतात आणि जोडीनेच यकृत पोखरतात. दोना जोवेलीनांचे दोन भाऊ आणि नवरा असे तिघेही काळी उलटी होऊन गेले. त्यांचे स्वतःचे यकृत आक्रसून घट्ट झालेले. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा मी दोनदा रबरी कड्यांनी बांधल्या आहेत. अभ्यासाच्या खोक्यात रोजच्या दोन गोळ्या असतात. एक जुनी, बी विषाणूला दाबून ठेवणारी. दुसरी नवी असेल किंवा नुसत्या पिठाची. कोणाला कोणती मिळते हे मलाही कळत नाही, आणि ते न कळणे हाच चाचणीचा कणा. नवी गोळी गुणकारी आहे, असे मी आजवर कोणालाही म्हटलेले नाही. जुनी अचानक थांबली तर काय होते हे मात्र मी पाहिले आहे. दबलेला विषाणू उसळतो आणि अशा यकृताला ती उसळी पेलत नाही.

दोना जोवेलीनांजवळच्या गोळ्या मंगळवारी संपणार होत्या.

नियम असा: दर बारा आठवड्यांनी भेट, ठरल्या दिवसाच्या चौदा दिवस आधीपासून चौदा दिवस नंतरपर्यंत कधीही. ती मुदत उलटली की नाव 'बेपत्ता' या रकान्यात जाते, आणि एकदा तिथे गेलेल्या माणसासाठी संगणक पुढचे खोके सोडत नाही. सरकारी दवाखान्यात जुनी गोळी फुकट मिळते हे खरे. पण त्यासाठी गावापर्यंत यावे लागते आणि कागद मंजूर व्हायला चाळीस दिवस लागतात.

बुधवारी अभ्यासाचे निरीक्षक, डॉक्टर एवाल्दो ब्रिक्नर, देशाच्या दक्षिण टोकाकडून तीन विमाने बदलून आले. त्यांनी टेबलावर एक छायाचित्र ठेवले.

"सोमवारी तुमचीच दोन माणसं जाऊन आली. चिखलात चार खांब. घर नाही, माणूस नाही. डॉक्टर नेउमा, याला बेपत्ता म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

"उन्हाळा म्हणायचं, साहेब," दारात कॉफी पीत उभा असलेला लिंदोमार म्हणाला. लिंदोमार आमच्या केंद्राचा परिचारक, आणि नावाडीही तोच. सोमवारी तो लसीकरणाला गेला होता. दोना जोवेलीनांच्या पत्त्यावर, जाकारे तळ्यावर, गेलेले दोघे राजधानीतून नव्याने आलेले होते.

"म्हणजे?"

"म्हणजे घर ओंडक्यांवर तरंगतं. नदी उतरली की होडीला बांधायचं आणि पाण्यामागं ओढत न्यायचं. नाही नेलं तर घर चिखलात बसतं आणि डुकरं आत येऊन झोपतात."

"मग हे फॉर्मवर का नाही?"

उत्तर मीच द्यायचे होते, कारण चूक माझी होती.

एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, भर पुरात, मी दोना जोवेलीनांना पत्ता विचारला होता. "जिथं पाणी असेल तिथं," त्या म्हणाल्या होत्या. मी हसले. फॉर्मला आकडे हवे होते, म्हणून मी यंत्र काढून अक्षांश-रेखांश टिपले, सहा दशांश स्थळांपर्यंत. मी याच गावात वाढले आहे. शाळेत जाताना रोज धक्क्यावर तरंगती घरे पाहिली आहेत, उन्हाळ्यात ती दिसेनाशी होतात हेही. तरीही ते उत्तर मला विनोद वाटले आणि आकडे मला माहिती वाटले. माझा पत्ता हातभर अंतरापर्यंत अचूक होता आणि तीन कोसांनी चुकला होता.

हे सगळे मी ब्रिक्नरना सांगितले. मग 'बेपत्ता' रकाना उघडला. त्यात आधीची दहा नावे होती. प्रत्येकासमोर मी घराचा प्रकार लिहीत गेले. लिंदोमार सांगत होता.

"दहापैकी दहा तरंगती," मी म्हटले. "जमिनीवर राहणारे बावन्न जण आहेत. त्यांच्यातलं कुणीच बेपत्ता नाही. याचा अर्थ लक्षात येतोय ना? शेवटी आपण लिहिणार, गोळी उपयोगी पडली. कुणाला? ज्यांची घरं हलत नाहीत त्यांना."

"या दहा जणांचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही. बेपत्ता माणूस जगला की मेला, याला फॉर्मवर जागाच नाही."

ब्रिक्नरनी ती नावे पुन्हा मोजली. "नियम मी केलेला नाही," ते म्हणाले.

"मीही नाही. पण खाली सही माझी असते."

"शुक्रवार, पाच वाजता," ते म्हणाले. "तोवर तिचं नाव मी गोठवून ठेवतोय. भेटीची नोंद होईपर्यंत खोकं सोडायचं नाही."

गावच्या रेडिओवर दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला निरोप वाचतात. अमक्याची आई बरी आहे, तमक्याने मीठ पाठवावे. नदीच्या वरच्या अंगाला दुसरा टपाल विभाग नाही. मी कागद ओढला, तसे ब्रिक्नर खुर्चीतून उठले.

"रुग्णाचं नाव रेडिओवर? हा तर सरळ गोपनीयतेचा भंग!"

या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूची होते. इथे रोग कळला की आधी माणसाचा कप वेगळा होतो, मग ताट, मग बसायचा बाक.

"मादरिन्याच्या नावानं पाठवू या," लिंदोमार म्हणाला.

मादरिन्या म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई. "कुणाची मादरिन्या?" मी विचारले.

"तुम्हाला खरंच माहीत नाही? अहो डॉक्टरबाई, तुम्हीच. म्हणजे हा सगळा अभ्यास. पेशंट आपसांत तसंच म्हणतात. तीन महिन्यांनी उगवते, काहीतरी डब्यात घालून आणते, आणि नवऱ्यालाही न सांगितलेल्या गोष्टी विचारून जाते."

ब्रिक्नर पहिल्यांदा हसले, पण लगेच आवरले. "यात आजाराचा उल्लेख नाही?"

"या नदीवर प्रत्येकाला एक तरी मादरिन्या असते," मी म्हटले. "तो आजार मानायचा का, ते तुम्ही ठरवा."

बाराच्या निरोपात निवेदकाने वाचले: "जाकारे तळ्याच्या दोना जोवेलीनांना. मादरिन्या विचारते, घर कुठं बांधलंय? शुक्रवारी भेटायला येतेय. सकाळी जेवून घेतलंत तरी चालेल." शेवटचे वाक्य लिंदोमारचे, रक्त काढायला उपाशी राहू नका, एवढाच त्याचा अर्थ. सहाला तेच पुन्हा वाचले गेले.

गुरुवारी दुपारी मासे घेऊन आलेल्या एका होडीवाल्याने धक्क्यावरूनच उत्तर ओरडून सांगितले. "मादरिन्याला सांगा, घर फुटक्या खडकाच्या मागं, मोठ्या सावरीसमोर. आणि दोना जोवेलीना विचारतात, चौदा दिवस वाट बघतेय, कुठं तडमडली? म्हातारी झाली, की दारू प्यायला लागली?"

शुक्रवारी उजाडताच मी कपाट उघडून खोके घेतले. खोके सोडताना संगणक देतो तो सुटका-क्रमांक त्याला नव्हता. नोंदवहीत वेळ लिहिली, क्रमांकाच्या जागी 'नाही' लिहिले आणि सही केली. ब्रिक्नर शेजारीच उभे होते.

"हे तुम्ही माझ्यासमोर करताय."

"तुमच्या पाठीमागं केलं असतं, तर नोंद अपुरी राहिली असती."

त्यांनी मला अडवले नाही, परवानगीही दिली नाही. त्यांनी घड्याळात पाहून स्वतःच्या वहीत वेळ टिपली. माझ्या वेळेपेक्षा एक मिनिट पुढची.

लांब दांड्याच्या मोटरीची ती अरुंद होडी सहा तासांपेक्षा जास्त चालली. दोन ठिकाणी पाणी घोट्याएवढे, तिथे उतरून ओढावी लागली. पाऊण वाजता फुटका खडक आला, त्यामागे सावर, आणि सावरीसमोर निळ्या खिडक्यांचे घर, एप्रिलमध्ये पाहिले होते अगदी तसेच. दोना जोवेलीना फळीवर बसून मासा साफ करत होत्या. एकसष्ट वर्षांच्या, काटक. पोट मात्र गेल्या वेळेपेक्षा किंचित फुगलेले. ते मी मनात नोंदवले.

"आली बाई मादरिन्या!" त्या म्हणाल्या. "हातात काय, केक?"

"सुया आहेत, दोना जोवेलीना."

"दर वेळी रक्त नेतेसच. देत काही नाहीस."

"आज डॉक्टरबाई द्यायलाच आल्यात, आजी," लिंदोमार होडी बांधत म्हणाला. "गोळ्यांचं खोकं चोरून आणलंय. शहरातला साहेब म्हणतो, तुम्ही बेपत्ता."

सुरी थांबली.

"कोण, मी?"

"कागदावर तसं येणार होतं," मी म्हटले. "पत्त्यावर सापडला नाहीत म्हणून."

"पत्ता माझ्या बुडाखाली आहे, पोरी. घर पाण्यामागं गेलं आणि मी घरात आहे. मी कुठं गेले?" त्यांनी सुरी माझ्याकडे रोखली; रागाने नव्हे, त्यांना बोट दाखवायचे होते आणि हातात सुरी होती. "माझा नवरा गेला, भाऊ गेले, त्यांना कुणी बेपत्ता म्हटलं नाही. त्यांना शोधायलाच कुणी आलं नव्हतं. आता मी इथं बसून मासा कापतेय आणि बेपत्ता मी? हरवलं कोण, ते नीट लिही. लिहिता येतं ना तुला?"

"येतं."

"मग लिही. पत्ता मी मागंच सांगितला होता. तू हसलीस."

त्या विसरल्या नव्हत्या. मी फॉर्म काढला आणि पत्त्याच्या रकान्यात त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले: जिथं पाणी असेल तिथं. खाली जोडले: पावसाळ्यात जाकारे तळे, उन्हाळ्यात फुटक्या खडकामागे, आधी रेडिओवर विचारावे.

रक्त काढले, वजन घेतले, पोट तपासले. गोळ्या विचारल्यावर त्यांनी कॉफीचा डबा आणला. त्यात आठ गोळ्या होत्या, चार दिवसांच्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. त्यांच्याइतके काटेकोर माझे केंद्र कधीच नव्हते.

"यातली एक पिठाची असेल असं तूच म्हणालीस," त्या म्हणाल्या. "मी दोन्ही घेते. पिठाला कसली भ्यायची?"

मी खोके त्यांच्या हातात दिले, वेळ लिहिली: एक वाजून पंचवीस मिनिटे. निघेपर्यंत त्यांनी आम्हाला मासा आणि कसाव्याचे भाजके पीठ खायला लावले. पाच वाजले तेव्हा आम्ही होडी चिखलातून ओढत होतो.

शनिवारी सकाळी संगणकात त्यांच्या ओळीवर कुलूप होते. भेटीची नोंद पाचच्या आत पोचली नव्हती, म्हणून 'बेपत्ता' हा शब्द आपोआप उमटला होता. मी नियमभंगाचा कागद काढला. तो नेहमी रुग्णाने काय चुकवले ते लिहायला वापरतात. तो भरून ब्रिक्नरपुढे ठेवला. त्यांनी मोठ्याने वाचले.

"बेपत्ता: अभ्यासकेंद्र. कालावधी: चौदा दिवस. या संपूर्ण काळात रुग्ण स्वतःच्या पत्त्यावर होती. खोके मी सुटका-क्रमांकाविना दिले. तशीच वेळ आल्यास पुन्हा देईन." त्यांनी चष्मा काढला. "हे वर गेलं तर तुमचं केंद्र बंद होऊ शकतं."

"होऊ शकतं. मग बंद का झालं, तेही लिहावं लागेल. आणि ती दहा नावंही त्याच कागदावर येतील. मागचं पान पाहा."

त्यांनी मागचे पान पाहिले, पुन्हा पुढचे. मग खिशातून पेन काढले आणि एका आकड्यावर ठेवले.

"हे चूक आहे. मुदत आधीच्या चौदा दिवसांपासून सुरू होते. तुम्ही पहिल्याच दिवशी जाऊ शकला असतात. अठ्ठावीस लिहा."

मी चौदावर एकच रेघ मारली, शेजारी अठ्ठावीस लिहिले, सही केली, तारीख घातली. खाली निरीक्षकाच्या जागेवर त्यांनी सही केली. विमानाला अजून वेळ होता.

बारा वाजता लिंदोमारने रेडिओचा आवाज वाढवला. मादरिन्याचे दहा निरोप होते, दहा तळ्यांना, एकच प्रश्न: घर कुठं बांधलंय? सातव्या निरोपाला निवेदक मध्येच थांबला. "ही बाई भलतीच लेकुरवाळी दिसते," तो म्हणाला आणि आठवा वाचू लागला.