ओठांचा लेअर

तिने जिभेचा लेअर बंद केला, पुन्हा चालू केला आणि हेही ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर नको असं ठरवून कॉम्प्युटरवरून काढून टाकलं.

"आता ह्याच्यात काय खोट निघाली?" आईने दारातूनच विचारलं. मुलीने स्थळं पाहतानासुद्धा एवढी चिकित्सा केली नव्हती, असं आईचं मत होतं आणि ते तिच्या भुवयांवर स्पष्ट वाचता येत होतं.

"नवी फ्रेम काढताना आधीची दिसतच नाही. ओठ काय अंदाजाने काढू?"

"आणि कालचं?"

"त्यात दिसते, पण लेअर तीनच. ओठ, दात, जीभ झाली की टाळू कुठे ठेवू?"

"बरं, ते परवाचं? त्याचं तर कौतुक चाललं होतं."

"ते ह्या कॉम्प्युटरवर चालत नाही. हा म्हातारा झालाय."

"रांगेत आम्हीही आहोत," आई म्हणाली आणि खुर्चीतल्या बाबांच्या पाठीमागची उशी सारखी करू लागली.

बाबांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय ते खिळे मोजत नसत. घरात मात्र त्यांचं एका शब्दावर भागायचं. नवा पंखा, सहल, मुलीचं चित्रकलेचं शिक्षण, सगळ्याला उत्तर एकच: बघू. पक्षाघाताने उजवं अंग नेलं, बाकीचे शब्द नेले आणि नेमका तेवढाच ठेवला.

"जन्मभर तोच वापरला, शिल्लकही तोच राहिला," आई आल्यागेल्याला सांगायची. लोक हसायचे, मग हसलो म्हणून ओशाळायचे.

थेरपिस्ट बाईंनी सुचवलं होतं, की तोंड कसं हलतं हे बाजूने, गाल वगळून, हळूहळू दाखवा. नक्कल करता करता शब्द येईल. मुलगी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग झालं की. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, असंही म्हणाल्या. बाबांना समजतं किती, असं विचारलं तेव्हा मात्र त्या फाईल चाळत राहिल्या.

"सगळं कळतं त्यांना," आईने परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं.

तेव्हापासून मुलगी सॉफ्टवेअर निवडत होती. निवड चालू होती तोवर उपाय फसला असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

"शोध तू सावकाश," उशीवर शेवटची थाप मारत आई म्हणाली. "हे थांबतील. दुसरं काय करतायत?"

मुलीने वर पाहिलं नाही. यादीतलं पुढचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातच काम सुरू केलं. लेअर हवे तेवढे होते, आधीच्या फ्रेमची फिकट सावलीही दिसत होती. खोट एवढीच, की चित्र एकदा हलून थांबत नसे, पुन्हापुन्हा तेच हलत राही. तिने कुरकुर केली नाही.

शब्द आईने निवडला. "पाणी. रोज लागतं."

हातातल्या आरशाकडे बघून मुलगी पुन्हापुन्हा पाणी म्हणाली आणि एकेक फ्रेम काढत गेली. ओठ मिटलेले. ओठ उघडे. जीभ वळून टाळूला.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन बाबांसमोर आणला. आईने शेजारच्या स्टुलावर पाण्याचा पेला ठेवला. बोलायचा प्रयत्न केल्याशिवाय द्यायचा नाही, असा बाईंचा नियम होता. गाल नसलेलं तोंड आवाज न करता पाणी म्हणू लागलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

बाबा एकटक पाहत होते. त्यांचे ओठ हलले नाहीत.

"बाबा, तुम्हीपण म्हणा. पा..."

"बघू."

मग त्यांनी डावा हात लांब करून पेला उचलला. थोडं पाणी मांडीवर सांडलं. पेला त्यांच्या तोंडाकडे गेलाच नाही. त्यांनी तो स्क्रीनवरच्या ओठांना लावला आणि जरासा कलता केला.

आई खळखळून हसली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. "बघितलंस? फिरकी घेतायत तुझी. दुकानात हेच चालायचं."

मुलगी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. थट्टा करायच्या आधी त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा हळूच वर जायचा. आता ती बाजू हलतच नव्हती.

पाण्याचा ओघळ स्क्रीनवरून खाली आला. तोंड पाणी मागतच होतं आणि बाबा पेला धरून होते. ते हात मागे घेईनात.

आईचं हसू ओसरलं. पदराने स्क्रीन पुसायला ती वाकली आणि तशीच थांबली.

"फिरकीच आहे ना गं?" तिने विचारलं.