जुळ्यातली कालवड

बंगळूरला, के. आर. पुरमच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या उंच इमारतींमध्ये दाटून उभा असलेला विठोजीचा गोठा अजून टिकून होता. आता त्यात एकच जनावर होतं, मल्ली. अंगापिंडानं भरलेली, चकचकीत काळी कालवड. पण वय उलटत चाललं तरी एकदाही माजावर आली नव्हती.

मल्ली जुळ्यातली. तिच्या पाठोपाठ आलेला गोऱ्हा जन्मतःच दगावला आणि आठवड्याभरात त्यांची आईही गेली. तेव्हाच्या डॉक्टरांनी विठोजीला फाटकापाशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वांझच निघते. पोटात दोघांचं रक्त मिसळतं, हिची पिशवी नीट तयारच होत नाही. फार जीव लावू नका."

विठोजी परत गोठ्यात आला, तर त्याची बायको अंबुबाई वासराचं तोंड मांडीवर घेऊन त्याला बाटलीनं दूध पाजत होती. हिला आत्ताच कशाला सांगायचं, असं त्याला वाटलं. त्या दिवशी बोलायचं राहिलं ते राहूनच गेलं.

आणि आता अंबुबाईनंच मारतहळ्ळीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. गाईंची सोनोग्राफी करणाऱ्या.

"मशीन कशाला लावायचं? येईल की माजावर. स्वल्प थांब," विठोजी कुरकुरला.

"आणखी किती थांबू?" अंबुबाई म्हणाली.

डॉक्टर अश्लेषा सकाळीच स्कूटरवरून आली. आधी कन्नडमध्ये बोलत होती. पण मल्ली बिचकली तेव्हा विठोजी "हो हो पोरी, काय नाही, काय नाही" असं पुटपुटला आणि ती हसली. "अण्णा, तुम्ही मराठी? मी निपाणीची." खांद्यापर्यंत हातमोजा चढवता चढवता तिनं विचारलं, "जन्माला एकटीच आली होती का?"

विठोजी मल्लीचं दावं आवळू लागला.

"नाही," अंबुबाई म्हणाली, "जुळी. बरोबर गोऱ्हा होता."

अश्लेषाचा हात थांबला. "अक्का, मग तुम्हाला माहीत असेल..."

"माहीत आहे. माहेरी गाई होत्या आमच्या. पण ह्यांना बोलले नाही. ह्यांचा तिच्यावर फार जीव आहे."

विठोजी बायकोकडे बघतच राहिला. 

अश्लेषानं आधी मल्लीच्या गुदद्वारातलं शेण काढलं, मग मुठीत सोनोग्राफीचा प्रोब धरून हात आत घातला. पडद्यावर करड्या सावल्या हलू लागल्या. विठोजीनं मल्लीच्या मानेला गच्च मिठी मारली. आता डॉक्टरीणबाई मान हलवणार, 'नाही' म्हणणार, असं त्याला वाटत होतं.

"हे गर्भाशयाचं तोंड," अश्लेषा म्हणाली. हात जरा डावीकडे, मग उजवीकडे. "पिशवी आहे. अण्णा, पिशवी चांगली आहे! दोन्ही बाजू आहेत." ती आणखी वाकली. "अंडाशयही आहेत. आणि हा गोळा दिसतोय? बीज सुटून गेल्याची खूण. ही माजावर येऊन गेलीय."

"कधी? आम्ही तर..."

"मुका माज. हंबरली नाही, उड्या मारल्या नाहीत, तुम्हाला कळणार कसं?"

 विठोजी पेंडीच्या पोत्यावर मटकन बसला. अंबुबाई पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे वाहत होते.

"मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"काय?" तिचं हसू थांबलं. "आणि इतके दिवस तोंड शिवून बसलात?"

"तू नाही बसलीस?"

"मी तुमच्यासाठी बसले!"

"मग मी कुणासाठी?"

अश्लेषा पाठ करून मशीन पुसत राहिली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते. तिनं इंजेक्शन दिलं. "तीन-चार दिवसांत माज येईल. नजर ठेवा, ही सांगणार नाही. शेपटीखाली चिकट तार दिसली की लगेच फोन करा, मी येऊन रेतन करीन."

दुसऱ्याच दिवशी सर्जापूर रोडला भाच्याच्या घराची वास्तुशांत होती. विठोजी गेला नाही. अंबुबाईही नाही. मल्लीवर नजर ठेवायला एकमेकांवर भरवसा नव्हता, हेच खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी विठोजी झाडू घेऊन गोठ्यात गेला. मल्ली शांतपणे रवंथ करत होती. तिच्या शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ, चिकट तार लोंबत होती.

"अंबू!" तो ओरडला. शेजारच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. "फोन लाव! डॉक्टरीणबाईंना फोन लाव!"