बोटावरची चिंधी

साहेब, माझ्या आईच्या कार्डावर तो शब्द तुम्ही लिहिलात. 'कामावरून काढण्याचं कारण' या रकान्यात, लाल शाईनं : चिंधीचोर. कारकुनावर ढकलू नका, त्याचं अक्षर मी ओळखते, हे त्याचं नाही.

तुमच्या शिलाई खात्यात आई एकोणीस वर्षं कॉलर जोडत होती. मी तिथंच पलीकडे इस्त्रीला. कापड सरकवताना डाव्या हाताच्या बोटाला सुई लागते. रक्ताचा ठिपका पडला की अख्खा शर्ट बाद. म्हणून सगळ्या बायका कटिंगच्या टेबलाखालची चिंधी उचलून बोटाला गुंडाळतात. तुमच्या सुपरवायझरनंच शिकवलंय. उरलेल्या चिंध्या संध्याकाळी पोत्यानं भट्टीत जातात.

त्या मंगळवारी सुई नखातून आरपार गेली. आईनं चिंधी घट्ट आवळली आणि पाळी पुरी केली. सुटताना काढायची विसरली. एकोणीस वर्षांनी चिंधी बोटाचीच कातडी होऊन बसते.

गेटवर झडतीवालीनं हात धरला. "मावशी, हे काय?"

"बोट आहे, बाई."

रांगेत हशा पिकला. तेवढ्यात तुमची गाडी थांबली, काच खाली आली.

"सोड ती चिंधी."

"चिकटलीय, साहेब. घरी कोमट पाण्यानं सोडवते, उद्या आणून देते."

"आज चिंधी, उद्या तागा. चिंधीचोर सगळे. सोड म्हटलं ना."

आईनं ओढली. चिंधीबरोबर नख आलं. चिंधी तुम्ही जमा करून घेतलीत, नख नाही.

त्यानंतर दोन कारखान्यांनी कार्ड वाचून आईला दारातून परत पाठवलं. दुसरीकडचा मॅनेजर तर दात काढून म्हणाला, "आजीबाई, चोरायचाच होता तर निदान शर्ट तरी चोरायचा." घरी बसल्या बसल्या ती अंगठ्यानं बोट चाचपत राहते. मी बघितलं की हात पदराखाली घेते.

माझी शाळा सातवीत सुटली. तरी वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश काढायला लावला. क्षुल्लक वस्तू चोरणारा, हलका माणूस. बस, एवढंच. शब्द आला कुठून, ते विचारलं तर तिथले गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, शिवी आहे ती. शिवीचा जन्मदाखला कोण ठेवतं?"

मग मीच डोकं चालवलं. पहिली चिंधी ज्यानं उचलली असेल, त्याला ती जखम बांधायला हवी असेल, नाहीतर लेकराच्या अंगाखाली घालायला. तागे ज्याच्या घरात, तो कशाला चिंधी उचलतोय? पण नाव ठेवणारा मात्र ताग्यांवर बसलेलाच असणार. त्याचे तागे कुणी विणले, कुणी शिवले, हे कुणी विचारू नये म्हणून त्यानं चोर म्हणून आधीच ओरडून घेतलं. माझी व्युत्पत्ती ही. चुकीची असेल तर खोडून दाखवा.

काल तुमच्या केबिनमध्ये आले होते. तुम्ही म्हणालात, "शब्दाचं एवढं काय मनावर घेता? बोलायची पद्धत असते."

"पद्धतच आहे, तर कार्डावरून काढा."

तुम्ही बेल दाबून शिपायाला बोलावलंत.

सोमवारी आई तिसऱ्या कारखान्यात जाणार आहे, तेच कार्ड घेऊन. भट्टीत गेली असती तर तीच चिंधी कचरा होती. आईच्या रक्तात भिजल्यावर ती तुमचा माल कशी झाली? सोमवारच्या आत, त्याच रकान्यात, त्याच लाल शाईनं उत्तर लिहा.