खांबाच्या नावापुढचा लाल ठिपका

बस डेपोच्या ड्युटी-खोलीत शुक्रवारी दुपारी एकाच टेबलावर दोन कामं चालायची. एक पगाराचं, दुसरं जिवाभावाचं.

पगाराचं काम म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणता चालक कोणती बस नेणार, त्याचा तक्ता. तो आखणाऱ्या बाईंना सगळे चालक वचकून असायचे. त्यातला एक मात्र त्यांचा सख्खा थोरला भाऊ. त्याच्यापुढे बाईंची धाकटी व्हायची.

जिवाभावाचं काम म्हणजे फॅन्टसी फुटबॉल. डेपोतल्या बारा संघांत एक या भावाबहिणीचा, दादाच्या मोबाइलवर मांडलेला. खऱ्या सामन्यांतले पंधरा खेळाडू निवडायचे, दर आठवड्याला त्यातले अकरा उतरवायचे आणि ते मैदानावर जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्या पदरात. गोल मारणारे धाकटीने निवडायचे, बचावफळी दादाने. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, असं ठरलेलंच होतं.

दादाची बचावफळी म्हणजे विचारायची सोय नाही. घरच्या मैदानावर कोण, पावसात कोण, कोणाला या आठवड्यात बसवायचं, सगळं तोंडपाठ. नियम एकच. "लंगडत्याला उतरवायचं नाही. मग तो कितीही लाडका असो. आपल्या प्रेमापायी बाकीच्या दहांनी का मरायचं?"

आणि हाच दादा सलग तीन आठवडे एका उंच, उतारवयातल्या गड्याला उतरवत होता. दोघं त्याला खांब म्हणायचे. तिन्ही वेळा खांबाने भोपळा दिला. संघ दुसऱ्यावरून नवव्यावर घसरला आणि गॅरेजमधला मेकॅनिक येता-जाता दात काढू लागला. धाकटीनेही दादाची यथेच्छ टर उडवली. वय झालं की माणूस हट्टाला पेटतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

या शुक्रवारी दादाचा मोबाइल चार्जिंगला लावताना संघ तिच्या डोळ्यांसमोर आला. खांबाच्या नावापुढे लाल ठिपका होता. जखमी, महिनाभर बाहेर.

"दादा, खांबाच्या नावापुढे काय आहे?"

दादाने मोबाइल नाकाशी नेला, मग हात लांब करून धरला. "काय असणार? नाव आहे."

टेबलावर उद्याचा तक्ता होता. वरून दुसरी ओळ: पहाटेची पहिली फेरी, दादा. गेली अठ्ठावीस वर्षं ती ओळ त्याचीच होती.

"कधीपासून दिसत नाही?"

दादाने मोबाइल टेबलावर ठेवला. "थंडीपासून. समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसतात. मोतीबिंदूच असेल गं. सोमवारी दाखवतो. उद्याची फेरी तेवढी करू दे."

"पहाटे अंधार असतो, दादा."

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता आहे. रस्त्यावरची माणसं नाहीत."

तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. चाळीस माणसं मागे बसवून हा रोज जात होता आणि ती भोपळे मोजत हसत होती. तिने खोडरबर उचललं.

"लंगडत्याला उतरवायचं नाही," ती म्हणाली.

दादाने खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या बसकडे पाहिलं. त्याला ती किती दिसली कोण जाणे. मग खिशातून बसची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली.

"आधी खांबाला काढ. त्याच्या जागी तो बुटका घे, घरच्या मैदानावर आहे," तो म्हणाला. "मग माझं खोड."

तिने दोन्ही केलं, त्याच क्रमाने.

चार वाजता ती तक्ता लावायला बाहेर आली, तसा दादाही मागोमाग आला. सवयीने त्याचं बोट वरून दुसऱ्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"इथे कोण टाकलास?"

तिने बदली चालकाचं नाव सांगितलं.

"बरा आहे," दादा म्हणाला. "शाळेजवळच्या वळणावर जरा घाई करतो. त्याला सांगून ठेव."